थुंकलं किती, गेलं किती

आमची नोनी अडीच वर्षांची आहे. एवढ्या छोट्या कारकिर्दीत तिनं चपलेचा पट्टा, तुळशीच्या कुंडीतली माती, विजेच्या बिलाचा नेमका भरायच्या तारखेचा कोपरा, माझ्या चष्म्याच्या दांडीचं टोक आणि एक जिवंत मुंगळा एवढं सगळं विनातक्रार खाल्लेलं आहे. मुंगळ्याची चौकशी सुरू झाली तेव्हा पुरावा पोटात गेला होता. तक्रार असलीच तर ती मुंगळ्याची असेल. मात्र याच मुलीसमोर गुलाबी रंगाचं, साखरेनं ओथंबलेलं, स्ट्रॉबेरीचा वास मारणारं औषध आणलं की तिचे ओठ मिटतात. मग लाच, धाक, देवाचं नाव, कशानंही ते उघडत नाहीत.

उघडलेच तर नकार देण्यापुरते. नकार ती तीन भाषांत देते. आम्हाला 'नको', खालच्या मजल्यावरच्या मुलांकडून उचललेलं 'नहीं पीना', आणि कामाला येणाऱ्या बाईंकडून शिकलेलं ठसक्यातलं छत्तीसगढी 'नइ पियँव!' या तिसऱ्या नकारानंतर वाटाघाटी बंद होतात. रायपूरच्या चौबे कॉलोनीत मराठी घरात वाढणाऱ्या पोराला हे त्रिभाषा सूत्र शाळेत जायच्या आधीच येतं. १९५६ पर्यंत आमची राजधानी नागपूर होती. त्या काळात माझे आजोबा नोकरीच्या मागे नागपुराहून इकडे आले आणि तात्यापाऱ्यात राहिले. पुढे आम्ही चौबे कॉलोनीत आलो, कारण महाराष्ट्र मंडळ इथंच आहे आणि कोथिंबिरीच्या वड्या कुठं मिळतील हे विचारायला माणसं लागतात. तेव्हापासून घरात मराठी, रस्त्यावर हिंदी, आणि भांडताना जी भाषा आधी हाताला लागेल ती.

तर ताप. मुलांना ताप रात्री येतो. दिवसा, दवाखाना उघडा असताना ताप येणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. ताप आला की सून थर्मामीटर लावते, मुलगा मोबाईलवर भयंकर रोगांची माहिती वाचून दाखवतो, बायको मीठ-मोहऱ्या ओवाळते आणि मी "शांत राहा, सगळे शांत राहा!" असं ओरडत घरभर फिरतो. या सगळ्या गोंधळात नोनी तेवढी शांत असते. तिला नुसता ताप असतो.

आमचे डॉक्टर वय विचारत नाहीत, वजन विचारतात. पॅरासिटामॉलचा हिशोब वजनावर असतो म्हणे. एका किलोला १५ मिलिग्रॅम. नोनी १२ किलोची, म्हणजे १८० मिलिग्रॅम. एकदा दिलं की चार ते सहा तास पुन्हा द्यायचं नाही. उभं आयुष्य बँकेत व्याजाचे आकडे तपासण्यात गेलेल्या माणसाला यात अवघड काय आहे, असं मला वाटलं. मग मी मेडिकलमध्ये गेलो.

मेडिकलमध्ये हेच औषध तीन अवतारांत उभं असतं. थेंबांच्या इवल्या बाटलीत एका मिलिलीटरला १०० मिलिग्रॅम. साध्या सिरपमध्ये ५ मिलिलीटरला १२०. आणि 'डीएस' नावाच्या थोरल्या बंधूमध्ये त्याच ५ मिलिलीटरला २५०. म्हणजे नोनीचे १८० मिलिग्रॅम पहिल्या बाटलीतून १.८ मिलिलीटर, दुसरीतून ७.५ आणि तिसरीतून ३.६. आणि सगळ्यांत इवली बाटली सगळ्यांत कडक. तान्ह्याच्या तोंडात मावावं म्हणून थोड्या थेंबांत जास्त औषध भरलेलं असतं. तिच्यातलं औषध चुकून साध्या सिरपच्या मापानं पाजलं तर चौपटीहून जास्त जाईल. हे मी बायकोला कागदावर मांडून दाखवलं.

"इतकुशी बाटली, म्हणजे ती तान्ह्यांची," ती म्हणाली. "नोनी आता मोठी झाली. तिला मोठ्या बाटलीतलं द्या."

"अगं, छोट्या बाटलीतलंच जास्त कडक आहे."

"काहीच्या काही सांगू नका. तान्ह्या लेकराला कडक कोण देईल?"

ही शंका इतकी माणुसकीची होती की तिच्यापुढे अंकगणित लटपटलं. तोवर मुलगा ऑफिसातून येताना डीएसची बाटली घेऊन आला, सुनेच्या पर्समधून साधी निघाली, आणि तिन्ही अवतार आमच्या फ्रिजच्या दारात एका रांगेत उभे राहिले. तेव्हा मी बँकेची पद्धत लागू केली. एकानं औषध मापायचं, दुसऱ्यानं तपासायचं. बँकेत याला मेकर-चेकर म्हणतात. या पद्धतीत घोटाळा होत नाही असं नाही, पण झाला तर दोघांच्या सह्या सापडतात. मी रजिस्टरही घातलं. वेळ, बाटली, मिलिलीटर, शेरा. पहिल्याच रात्री शेऱ्याच्या रकान्यात सुनेनं लिहिलं, 'बाबांच्या शर्टावर.'

मापायचं कशानं, हा वेगळा अध्याय. बायकोचं माप म्हणजे 'एक चमचा'. आता आमच्या घरातले चमचे हे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून आलेले आहेत. एका वर्षीचा चमचा मिठाच्या बरणीतला, एका वर्षीचा आइस्क्रीमचा, एका वर्षीचा इतका खोल की त्यातून वरण वाढता यावं. वाण देणाऱ्या बाईची परिस्थिती आणि त्या वर्षीचा स्टीलचा भाव यावर आमचा 'एक चमचा' ठरतो. म्हणून डॉक्टर सांगतात, घरातला चमचा वापरू नका, बाटलीबरोबरचं टोपण वापरा. त्या टोपणावर खुणा असतात. पारदर्शक प्लास्टिकवर, पारदर्शक प्लास्टिकच्याच, उठावदार रेघा. त्या वाचायला माझा चष्मा, मुलाचा टॉर्च आणि सुनेचे डोळे एकाच वेळी लागतात. औषध ओतलं की ते कडेनं थोडं वर चढतं. मग रेघ वरच्या कडेला धरायची की मधल्या खोलगट भागाला, यावर इंजिनिअर मुलगा प्रयोगशाळेतलं काही सांगू लागतो. खोलगट भागालाच धरायची असते, तो बरोबर सांगतो, पण तोपर्यंत टोपण धरणाऱ्याचा हात थरथरायला लागलेला असतो.

अँटिबायोटिकची कोरडी पावडर असली तर आणखी बहार. उकळून गार केलेलं पाणी बाटलीवरच्या बाणापर्यंत घाला, हलवा, पातळी खाली जाते, पुन्हा बाणापर्यंत घाला, पुन्हा हलवा. हलवलं की वर फेस. बाण फेसाला मोजायचा की पाण्याला? फेस बसेपर्यंत चौघं जण बाटलीकडे टक लावून बसतात. फेस बसला की कुणीतरी विचारतं, "हलवली का?"

आता प्रत्यक्ष पाजणं. याला आमच्याकडे मनुष्यबळ असं लागतं : मांडी बायकोची, टॉवेल मुलाचा, ड्रॉपर सुनेचा, आणि करमणूक माझ्याकडे. मी मोर होतो. निवृत्त शाखाधिकारी पंखा म्हणून वर्तमानपत्र पसरून दिवाणखान्यात नाचतो. मुलगी हसेल, तोंड उघडेल, औषध आत जाईल, असा तो बेत. नोनी हसली. मनापासून हसली. पण हसताना तोंडात औषध टाकलं तर ठसका लागतो, असं डॉक्टरांनी बजावलेलं, म्हणून सून थांबली. मग हसू थांबलं आणि तोंड मिटलं. मोराला रजा मिळाली.

डॉक्टरांचे नियम साधे आहेत. मुलाला बसवून धरा, आडवं करू नका. ड्रॉपर गालाच्या आतल्या बाजूला, जिभेच्या मधोमध नाही. थोडं थोडं सोडा, गिळू द्या. नाक दाबू नका. यातला शेवटचा नियम बायकोला वैयक्तिक टीका वाटला.

"आमच्या वेळी पायावर आडवं घ्यायचं, नाक दाबायचं, तोंड उघडलं की बोंडलं रिकामं. झालं. तुम्ही अशेच वाढले."

"म्हणूनच हे असे झाले," मुलगा म्हणाला. कुणाबद्दल म्हणाला ते स्पष्ट झालं नाही.

मग उदाहरणाची पद्धत आली. आधी बाहुलीला पाजलं. बाहुलीनं सगळं छातीवर घेतलं. टेडीला पाजलं, तो अजून गुलाबी आहे आणि त्याला मुंग्या लागतात. मग "बघ, आबा कसे पितात!" म्हणून रिकामा चमचा माझ्या तोंडाशी धरला. नोनी लबाडी ओळखते. तिनं चमच्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "आबाला खरं दे." बायकोनं मागेपुढे न बघता खोकल्याचं माझं स्वतःचं औषध ओतलं. मी ते पिऊन "वा!" म्हटलं. माझा चेहरा त्या 'वा'ला दुजोरा देत नव्हता, आणि नोनी माझ्या चेहऱ्याकडेच बघत होती. त्या संध्याकाळी आमच्या घरात बाहुली, टेडी, मी आणि चव बघण्यासाठी मुलगा, इतक्या जणांनी औषध घेतलं. पेशंट तेवढी राहिली.

शेवटी औषध तोंडात जातं. पण तोंडात जाणं आणि पोटात जाणं यांत फरक आहे. नोनी औषध गालात साठवते, खोली शांत होऊ देते, सगळ्यांना "झालं बाई एकदाचं" म्हणू देते, आणि मग बारीक धारेनं बाहेर सोडते. रागानं नाही. हसत. त्यानंतर आमच्या घरात लेखापरीक्षण सुरू होतं : थुंकलं किती, गेलं किती?

"सत्तर टक्के गेलं," मुलगा.

"काही गेलं नाही. हे बघ, सगळं माझ्या पदरावर आहे," बायको.

"पदरावर दिसतं जास्त. पसरतं ना ते."

"मग परत द्या."

"परत देऊन जास्त झालं तर?"

मुलानं सुचवलं की पुढच्या वेळेपासून टॉवेलचं आधी आणि नंतर वजन करावं. हा मुलगा इंजिनिअरिंगला मेरिटमध्ये आला होता. रात्री अकराला डॉक्टरांना फोन केला. ते जांभई आवरत म्हणाले, "जितना गया, ठीक है. अंदाज़े से दोबारा मत देना. बच्ची क्या कर रही है?" बच्ची पलंगावर उड्या मारत होती. "तो आप लोग सो जाइए." डॉक्टरांच्या सल्ल्यातला तेवढा भाग आम्हाला पाळता आला नाही.

चौबे कॉलोनीत मूल आजारी पडल्याची बातमी फिरायला वेळ लागत नाही. आमच्या बायकोचा स्वतःचा विश्वास बाळगुटीवर. नागपूरच्या इतवारीतून तिच्या वहिनीनं डबाच पाठवलेला आहे. वेखंड, मुरडशेंग, हळकुंड, जायफळ, हिरडा, बेहडा, नागरमोथा, काकडशिंगी, अतिविष, सागरगोटा. प्रत्येकाचे सहाणेवर मोजून वळसे. मी मिलिग्रॅम मोजतो म्हणून हसणारी ही बाई वेखंडाचा वळसा एक जास्त झाला तर सहाण धुऊन पहिल्यापासून सुरू करते. "वेखंड जहाल असतं," ती म्हणते. "बाळाला कडक कोण देईल?" मी काही बोललो नाही. संसार टिकवायचा असतो.

समोरच्या काकू ग्राइप वॉटरच्या पक्षात. १८५१ मध्ये नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्डनं हे पाणी बनवलं. त्यात सोडा होता आणि शेपूच्या बियांचा अर्क होता, म्हणजे आपल्या बाळंतशोपा. सातासमुद्रापलीकडून बाटलीत बसून आलेल्या बाळंतशोपा आमच्या आयांनी पैसे देऊन विकत घेतल्या. मूळ नुस्ख्यात अल्कोहोलही होतं. ते पुढे काढून टाकलं. माझी आई सांगायची, मी फार गुणी बाळ होतो, ग्राइप वॉटर दिलं की लगेच शांत व्हायचो आणि स्वतःशीच हसायचो. त्या आठवणीकडे मी आता वेगळ्या नजरेनं बघतो.

मागच्या गल्लीतले जोशीबुवा होमिओपॅथीवाले. त्यांच्या साबुदाण्याएवढ्या गोळ्या नोनीला एकदम पसंत. चार घ्यायच्या होत्या, तिनं बाटलीच मागितली. औषध नको म्हणून रडणारी मुलगी औषध पाहिजे म्हणून रडायला लागली. "बघा, औषधाचा गुण!" जोशीबुवा म्हणाले. तो साखरेचा गुण आहे, असं मी म्हटलं नाही, कारण मंडळाच्या कार्यक्रमात ते माझ्या शेजारी बसतात आणि कार्यक्रम लांब चालतात.

पण खरी आणीबाणी आली ती एका नव्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा. आमचे नेहमीचे गावाला गेले होते. नोनीला सर्दी, थोडा खोकला. डॉक्टरांनी तपासलं, छातीला नळी लावली, कानात बघितलं आणि म्हणाले, "वायरल है. हफ़्ते भर में चला जाएगा. नाक में सलाइन के ड्रॉप डालिए, पानी-दूध पिलाते रहिए."

आम्ही बसून राहिलो.

"और दवाई?" बायकोनं विचारलं.

"दवाई की ज़रूरत नहीं है."

औषध कडू असेल, महाग असेल, मिळत नसेल, याला आमची तयारी असते. औषध नाहीच, याला नसते. बायकोनं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की फी परत मागायची जबाबदारी माझी आहे. ती म्हणाली, "डॉक्टरसाब, लेकीन इतनी खाँसी कर रही है बेचारी. रात में तो मेरे को नींदच नहीं लगती." मला वाटतं, खोकल्याच्या औषधाचा शोध या शेवटच्या वाक्यासाठी लागला असावा. खोकणारं पोर बऱ्याचदा झोपेतच खोकतं. जागी असते ती आजी.

"कुछ तो लिख दीजिए," ती म्हणाली.

डॉक्टरांनी थोडा विचार केला, कागद ओढला आणि लिहिलं. बायकोचा चेहरा उजळला. मेडिकलमध्ये तिनं तो कागद दिमाखात पुढे केला. मेडिकलवाल्या पोरानं तो वाचला, पुन्हा वाचला आणि आत जाऊन हात धुवायचा साबण घेऊन आला. कागदावर लिहिलं होतं, 'घर के सब बड़े लोग बार-बार साबुन से हाथ धोएँ.'

त्या डॉक्टरांचं बरोबर होतं, हे आता आम्हाला मान्य आहे. २०२५ च्या ऑक्टोबरात छिंदवाड्याकडे विषारी कफ सिरपनं मुलं दगावल्याची बातमी आली. त्यांतल्या कित्येकांना उपचारासाठी नागपूरला नेलं होतं. त्या दिवशी कॉलोनीत कुणी विनोद केला नाही. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं तेव्हाच पुन्हा सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊच नयेत आणि पाच वर्षांखालच्यांनाही ती सहसा नकोत. त्या आठवड्यात घराघरांतून फ्रिजची दारं साफ झाली. आमच्याकडून निघालेल्या बाटल्यांत एक इतकी जुनी होती की तिच्यावर मुलाच्या बालपणीच्या डॉक्टरांचं नाव होतं. "चांगलं होतं ते औषध," बायको म्हणाली, "फेकायचं जिवावर येतं." आणि मोरीत ओतण्याआधी तिनं ते हुंगून घेतलं.

यंदाच्या पावसाळ्यात नोनीला जुलाब लागले. मुलगा धावत जाऊन चित्रांचा रंगीत डबा घेऊन आला. नेहमीच्या डॉक्टरांनी तो बाजूला ठेवला. गोड सरबतांनी ओआरएस नाव लावून मिरवायला अन्नसुरक्षा प्राधिकरणानं बंदी घातली आहे, हे त्यांनी सांगितलं आणि खरी पुडी हातात दिली. २०.५ ग्रॅमची पुडी, पूर्ण एक लिटर पाण्यात. अर्धी नाही, चिमूटभर नाही, दूध किंवा सरबतात नाही. चोवीस तासांनी उरलेलं फेकायचं.

"एवढंसं लेकरू, लिटरभर कसं पिणार?" बायको म्हणाली. "कपभर पाण्यात चिमूटभर टाकू."

चिमूट म्हणजे किती, हे चमच्यासारखंच वाणात आलेलं माप. मी मेकर-चेकर पद्धत लावली आणि लिटरभर पाणी पूर्ण भरून घेतलं. नोनीनं पहिल्या घोटाला तिसरी भाषा काढली. 'नइ पियँव!' आता लिटरभर उरलं, आणि आमच्या घरात फेकणे हे क्रियापद नाही. म्हणून दुपारी एक पेला मी प्यालो, एक बायकोनं घेतला, मुलाला बाटलीत भरून ऑफिसला दिलं, आणि सुनेला "तू पण थकल्यासारखी दिसून राहिली" म्हणून आग्रह झाला. संध्याकाळपर्यंत नोनी सोडून घरातल्या सगळ्यांच्या शरीरातले क्षार बिनचूक झाले होते. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ असताना डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच मीठ-साखरेचं पाणी पिंपांतून, नातेवाइकांच्या हातून पाजलं आणि असंख्य माणसं वाचवली. त्या छावणीत अडचणी पुष्कळ होत्या. आमची बायको नव्हती.

मग कामाच्या बाईंनी त्यांच्या जावेला आणलं. ती रामकुंडच्या वस्तीत मितानीन आहे. छत्तीसगडमध्ये २००२ पासून हे मितानीन बायांचं काम चालू आहे. गल्लीतलीच एक बाई निवडायची, शिकवायची, औषधाची पेटी द्यायची. ती आत आली तेव्हा दिवाणखान्यात मांडी, टॉवेल, ड्रॉपर आणि वर्तमानपत्र आपापल्या जागी सज्ज होते. तिनं आम्हा चौघांकडे बघितलं. मग मला म्हणाली, "बबा, तुमन थोरकिन बाहिर जाव." मला म्हणाली, पण निघालो सगळेच.

आम्ही व्हरांड्यात उभे राहिलो. आतून आवाज नाही. बायको दाराच्या फटीला कान लावून. "का नोनी, पीबे?" एवढंच ऐकू आलं. मग भांड्यांचा आवाज. तिनं नोनीकडे बघितलंच नव्हतं म्हणे. ती जमिनीवर बसून बाईंशी गप्पा मारत होती आणि मध्येच, बोलता बोलता, चमचा पुढे करत होती. एक चमचा, थांबायचं, पुन्हा एक. थोड्या वेळानं दार उघडलं. वाटी रिकामी, नोनी कोरडी, जमीन कोरडी.

"कसं काय हो?" सुनेनं विचारलं.

मितानीन हसली. "देखइया नइ रिहिन," ती म्हणाली. बघणारेच नव्हते.

बायकोला हे फारसं आवडलं नाही. "तिच्या हाताला गुण आहे," एवढंच ती म्हणाली आणि दृष्ट काढली. मितानीनची.

जुलाब थांबले, पण झिंकचं औषध राहिलं. रोज २० मिलिग्रॅम, १४ दिवस, जुलाब थांबले तरी. आजारी मुलाला औषध देणं सोपं, धडधाकट मुलाला देणं हा अन्याय आहे आणि तो तिला कळतो. चव धातूची, नाणं चोखल्याची. सुनेनं तेव्हा ड्रॉपर टाकून बिनसुईची सिरिंज आणली, आणि दट्ट्या दाबायचं काम नोनीकडेच दिलं. त्या क्षणी आमच्या घरातलं सत्तांतर झालं. नोनी स्वतः दट्ट्या दाबते, स्वतः गिळते, स्वतःच टाळ्या वाजवते. मोर, टॉवेल, मांडी, सगळे सेवानिवृत्त. मी दोनदा वर्तमानपत्र उघडून पाहिलं. तिनं मला बसायला सांगितलं.

मला वाटलं सुटलो. पण झिंक संपलं तरी सिरिंज संपली नाही. नोनीला आता वरणाचं पाणी सिरिंजमधून पाहिजे. ताक सिरिंजमधून पाहिजे. श्रीखंडाचाही प्रयत्न झाला. त्यात दट्ट्या अडकला आणि सुटला तेव्हा समोर पुन्हा मीच होतो. सून म्हणते, चालू द्या, पोटात जातंय ना. बायको चारचौघांत हे दिसू नये म्हणून जपते.

कोजागिरीला बिल्डिंगच्या गच्चीवर मंडळी जमली. मसाला दूध, केशर, चारोळी, चंद्र. सगळी मुलं पेल्यातून दूध पीत होती आणि आमची नोनी सिरिंजमधून. समोरच्या काकू पुढे सरकल्या.

"हे काय हो वहिनी? सिरिंजमधून दूध?"

बायकोनं क्षणभर माझ्याकडे बघितलं. 'तिला असंच लागतं' म्हणणं म्हणजे हार होती. "असं दिलेलं अंगी लागतं," ती शांतपणे म्हणाली.

"असं का? किती देता?"

"पाच-पाच एमएल. हळूहळू. गालाच्या बाजूनं."

"जेवणाआधी की नंतर?" मागून आणखी एकीनं विचारलं.

"आधी," बायको म्हणाली. जोशीबुवांनी खिशातून कागद काढून लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी मेडिकलमध्ये गेलो तर पोरगं गल्ल्यावर डोकं धरून बसलेलं. "अंकल, सुबह से पूरी कॉलोनी बिना सुई की सिरिंज माँग रही है. मेरा पूरा डिब्बा ख़तम हो गया. ये कौन सी नई बीमारी आई है?"

मी म्हटलं, मला काय माहीत. पण दहा एमएलवाली असली तर दोन काढून ठेव. पाचवालीत केशराच्या काड्या अडकतात.